रंगांना वेळ द्या: अमूर्त चित्रांचं प्रदर्शन पहिल्यांदा पाहताना

अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनातून बाहेर पडणाऱ्या नवख्या माणसाच्या चेहऱ्यावर बहुतेकदा पेपर कोरा देऊन आल्याचा भाव असतो. "काही कळलं नाही," असं तो जरा ओशाळून सांगतो. पण न कळण्याचं कारण सहसा गहन नसतं. दीड तासात साठ-सत्तर चित्रं उरकलेली असतात, म्हणजे चालण्याचा आणि पाट्या वाचण्याचा वेळ वजा केला तर एका चित्राच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या प्रेक्षकांचं निरीक्षण करून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका चित्रापुढे थांबण्याचा सरासरी वेळ सुमारे २७ सेकंद निघाला होता. निम्मे लोक तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. चित्रात राजा असेल, घोडा असेल, तर तेवढ्या वेळात निदान राजा आणि घोडा ओळखून होतात. नुसत्या रंगांच्या चित्रात तेवढ्यात डोळे जेमतेम स्थिरावतात.

म्हणून इथे चित्रांचा अर्थ कसा लावावा यापेक्षा डोळ्यांना पुरेसा वेळ कसा मिळवून द्यावा, हेच जास्त सांगितलं आहे.

जाण्यापूर्वी

शक्यतो कामाच्या दिवशी, दारं उघडतात तेव्हाच पोहोचा. गर्दीत मोठं चित्र अखंड दिसत नाही; मधे कुणाचं तरी डोकं असतंच. वेळेचा स्लॉट असलेलं तिकीट असेल तर पहिला स्लॉट घ्या. संध्याकाळी जायचं ठरवलंत तर शेवटचा प्रवेश किती वाजता बंद होतो ते आधी बघून ठेवा. तो बंद होण्याच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधी असतो, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत रक्षक दालनं रिकामी करायला लागतात. एकूण दीड ते दोन तास हाताशी ठेवा. त्याहून जास्त वेळ काढून फायदा नाही, कारण डोळे आणि पाय दोन्ही त्याआधीच संप पुकारतात.

चित्रं आधी फोनवर बघून जाऊ नका. यात सोवळंओवळं काही नाही, साधं कारण मापाचं आहे. स्वीडिश चित्रकार हिल्मा आफ क्लिंटनं १९०७ साली केलेल्या दहा मोठ्या चित्रांच्या मालिकेतलं प्रत्येक चित्र साधारण ३.२ मीटर उंच आणि २.४ मीटर रुंद आहे. फोनच्या पडद्यावर ते पोस्टकार्डाएवढं दिसतं आणि त्यातले नारिंगी-निळे आकार रांगोळीच्या ठिपक्यांसारखे वाटतात. एकदा तो आकार मनात बसला की भिंतीवरचं चित्र हे "मोठं केलेलं पोस्टकार्ड" होऊन बसतं. वाचायचंच असेल तर चित्रकाराचा काळ आणि तो कोणत्या माध्यमात काम करायचा एवढं दहा मिनिटांत वाचा. बाकीचं घरी परतल्यावर वाचलेलं जास्त लक्षात राहतं.

चष्म्याबद्दल बारकाईनं सांगायला हवं, कारण इथेच बऱ्याच जणांचे रंग बिघडतात. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा आत आल्यावर लगेच पूर्ण निवळत नाहीत, त्यांना काही मिनिटं लागतात. संगणकासाठी घेतलेल्या निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांना किंचित पिवळी झाक असते. तिच्यामुळे पांढऱ्या शेजारचा फिकट पिवळा पुसल्यासारखा होतो आणि निळे थोडे मळकट दिसतात. दुसरा चष्मा असेल तर तो घाला. प्रोग्रेसिव्ह काचांत (लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या) कडेचा भाग अस्पष्ट असतो आणि सरळ रेषा बाकदार दिसू शकतात, त्यामुळे मोठ्या चित्रापुढे नुसते डोळे न फिरवता मान फिरवा. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसत असेल तर प्रदर्शन तुमच्यासाठी नाही असं मुळीच समजू नका. उजेड-अंधार, पोत, कडा आणि माप यांत बघण्यासारखं पुष्कळ असतं.

पायात मऊ तळव्याचे बूट हवेत. दालनांच्या फरशीवर दीड तास चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त होतं. कपडे गडद आणि साधे घातलेत तर काचेआडच्या चित्रांत तुमचंच प्रतिबिंब कमी पडेल. पांढरा शर्ट काचेत लख्ख उठून दिसतो. सोबत छोटी वही आणि पेन्सिल घ्या. बहुतेक म्युझियममध्ये दालनात शाईचं पेन चालत नाही, कारण पेन्सिलीचा डाग निघू शकतो, शाईचा नाही. पाठीवरची सॅक, लांब छत्री, पाण्याची बाटली क्लोकरूममध्ये जाईल. सॅकची मनाई चोरीच्या भीतीनं असते असं अनेकांना वाटतं. खरी भीती वळण्याची असते: माणूस वळतो तेव्हा पाठीवरची सॅक कुठे लागते आहे हे त्याला कळत नाही.

आत शिरल्यावर

बाहेर लख्ख उन्हात उजेड एक लाख लक्सपर्यंत जातो; लक्स हे उजेड मोजण्याचं एकक. आत तैलरंगाच्या चित्रांवर तो सुमारे २०० लक्स आणि कागदावरच्या जलरंगांवर फक्त ५० लक्सच्या आसपास ठेवलेला असतो. त्यामुळे बाहेरून थेट पहिल्या दालनात गेलेल्या माणसाला पहिली दोन-तीन चित्रं मंद आणि काळपट दिसतात, आणि त्याचं पहिलं मत तिथेच बनतं. तिकीट, क्लोकरूम, प्रसाधनगृह ही कामं आधी उरका, मग प्रदर्शनाची ओळख लिहिलेली प्रस्तावनेची भिंत सावकाश वाचा. यात पाच ते दहा मिनिटं सहज जातात आणि तेवढ्यात डोळे जुळवून घेतात. फोन मात्र खिशात ठेवा. त्याचा झगझगीत पडदा पाहिला की डोळे पुन्हा मागे जातात.

इतका मंद उजेड का, तर प्रकाशानं रंगांचं होणारं नुकसान साठत जातं आणि ते परत भरून येत नाही. अमेरिकी चित्रकार मार्क रॉथकोनं हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली पाच मोठी चित्रं १९६४ साली खिडक्यांच्या उजेडात लावली गेली. त्यातला एक लाल रंग प्रकाशाला कच्चा होता. चित्रांचा रंग इतका उडाला की १९७९ साली ती उतरवून कोठारात ठेवावी लागली. २०१४ साली ती पुन्हा दाखवली, पण त्यांच्यावर नवा रंग न लावता. प्रत्येक ठिकाणी जेवढा रंग उडाला होता तेवढ्याच रंगाचा प्रकाश प्रोजेक्टरनं चित्रावर टाकून मूळ रूप उभं केलं. एखाद्या दालनात "लाइट जरा वाढवा ना" असं म्हणावंसं वाटलं तर हे आठवा.

पहिली फेरी, न थांबता

सगळी दालनं एकदा पंधरा मिनिटांत चालून या. पाट्या वाचायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत, कुठेही अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं नाही. वहीत पाच चित्रं टिपा: दोन ओढून घेणारी, दोन त्रास देणारी किंवा चक्क न आवडलेली, आणि एक असं की ज्याच्यावरून नजर सहज घसरून गेली. हे पाचवं चित्र विसरू नका. फिकट, एकाच रंगाच्या छटांत केलेली चित्रं या फेरीत हमखास मागे पडतात आणि नंतर तीच जास्त वेळ धरून ठेवतात.

पाचच का? म्युझियममधल्या थकव्यावर बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ सालीच लिहिलं होतं. वाकणं, मान वर करणं, पुनःपुन्हा नजर जुळवणं यानं माणूस दमतो आणि मग बघणं नावापुरतं उरतं. अमूर्त चित्रांत वरून रंगांचा थकवा येतो. प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर पाच चित्रांना पन्नास मिनिटं होतात. पहिली फेरी आणि मधली विश्रांती धरून दीड तास भरतो. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून सगळी चित्रं "पूर्ण" बघण्याचा हट्ट असेल तर तो आताच सोडा.

एका चित्रापुढे दहा मिनिटं

आधी अंतर ठरवा. चित्राचा कर्ण, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची लांबी, नजरेनं मापा आणि त्याच्या दीडपट ते दुप्पट मागे उभे राहा. एक मीटर कर्णाच्या चित्रासाठी हे दीड-दोन मीटर झाले. इथून मान न हलवता पूर्ण चित्र नजरेत मावतं. पहिली दोन मिनिटं इथेच. काही शोधू नका. नजर आपोआप कुठे जाते, कुठून फिरते, कुठे अडते एवढंच पाहा. मग डोळे किलकिले करा. बारकावे विरघळतात आणि उजेड-अंधाराची मोठी मांडणी उरते. भडक दिसणारी बरीच चित्रं किलकिल्या डोळ्यांनी पाहिली की सगळीकडे एकसारखी करडी निघतात, म्हणजे चित्रकारानं फरक फक्त रंगाचा ठेवला आहे, उजळपणाचा नाही. काही उलट निघतात. हे एकदा दिसलं की "हे चित्र थरथरल्यासारखं का वाटतंय" याचं उत्तर अर्धं मिळतं.

पुढची तीन मिनिटं मधल्या अंतरावर, चित्राच्या उंचीइतक्या लांबून. आता चित्र नजरेत मावत नाही, प्रवास करावा लागतो. गजबजलेल्या चित्रासाठी एक युक्ती आहे. व्हॅसिली कँडिन्स्कीचं १९१३ सालचं 'कॉम्पोझिशन सात' सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे आणि त्यात आकारांची एवढी दाटी आहे की नजर ठरत नाही. अशा ठिकाणी एक कोपरा निवडा, तिथला एक रंग पकडा आणि तोच रंग चित्रात आणखी कुठे कुठे आहे ते शोधत जा. पिवळा धरून एक फेरी, मग काळी रेघ धरून दुसरी. दोन फेऱ्यांत गोंधळ वाटणाऱ्या जागेत वाटा दिसू लागतात. सय्यद हैदर रझांच्या बिंदूच्या चित्रांत याच्या उलट करावं लागतं. मधला काळा गोल नजर ओढून घेतो आणि सोडत नाही. तिथे मुद्दाम कडेपासून सुरुवात करून पट्ट्या ओलांडत आत जा, मग परत बाहेर या. येताना आणि जाताना रंगांचा क्रम वेगळा जाणवतो.

मोठ्या चित्रांच्या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे: मोठं चित्र लांबून बघायचं. बार्नेट न्यूमननं १९५१ सालच्या आपल्या प्रदर्शनात उलट सूचनाच लावली होती की ही मोठी चित्रं जवळून बघण्यासाठी आहेत. त्याचं त्या सुमाराचं एक लाल चित्र २.४ मीटर उंच आणि ५.४ मीटर रुंद आहे. लांबून ते पट्टे असलेली लाल भिंत दिसतं. जवळ गेलं की चारी कडा नजरेबाहेर जातात आणि आपण त्या लाल रंगात उभे असतो. रॉथकोनंही आपली चित्रं दीड फुटांवरून बघावीत असं सुचवल्याचं सांगतात. आज जमिनीवरची रेघ किंवा दोरी तेवढं जवळ जाऊ देत नाही, पण रेघेपर्यंत नक्की जा, आणि तिथे दोन मिनिटं एकाच जागी नजर ठेवून उभे राहा. मऊ कडांचे रंग हळूहळू फुगतात, आत-बाहेर होतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे होत नाही.

उरलेली मिनिटं पृष्ठभागासाठी. त्याबद्दल खाली वेगळं सांगितलं आहे, कारण नवखे लोक हाच भाग वगळतात आणि खरी मजा तिथेच असते.

रंग फसवतात, ते कसे

लाल चौकोनाकडे तीस सेकंद टक लावून पाहा आणि नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. तिथे निळसर-हिरवा चौकोन तरंगताना दिसेल. डोळ्यातल्या लाल टिपणाऱ्या पेशी थकलेल्या असतात, त्यामुळे पांढऱ्यातला लाल कमी जाणवतो. प्रदर्शनात याचा उपद्रव होतो: एका भडक चित्रावरून थेट दुसऱ्याकडे गेलात तर पहिल्याची ही उलटी सावली दुसऱ्यावर पडते. उपाय सोपा आहे. दोन चित्रांच्या मधे दहा-पंधरा सेकंद राखाडी फरशीकडे बघा किंवा डोळे मिटा. बाक असेल तर बसा.

दुसरी फसवणूक शेजाराची. पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात गालिचे आणि पडदे विणले जात. तिथला काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली. रंगाई खात्याचे प्रमुख रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी तपासलं तेव्हा धाग्यात खोट नव्हती. शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याला तसं दाखवत होते. यावरचं त्यांचं विवेचन १८३९ साली प्रसिद्ध झालं. चित्रकारांनी ते मनावर घेतलं. जोसेफ आल्बर्सनं १९५० पासून १९७६ साली मृत्यू येईपर्यंत चौकोनात चौकोन अशी एकच मांडणी घेऊन हजाराहून अधिक चित्रं केली. अशा चित्रापुढे मुठीची नळी करून एका डोळ्यानं एकाच रंगाचा तुकडा बघा, मग मूठ काढा. मघाशी करडा वाटलेला रंग शेजाऱ्यांत आला की हिरवट होतो. आल्बर्स फळीवर रंग सुरीनं, बहुधा ट्यूबमधून काढलेला तसाच लावायचा आणि कोणत्या कंपनीचा कोणता रंग वापरला ते फळीच्या मागे लिहून ठेवायचा. म्हणजे जे मिश्रण दिसतं ते बरंचसं तुमच्या डोळ्यात झालेलं असतं.

तिसरी गंमत खोलीची. गडद पार्श्वभूमीवर लाल आणि निळा शेजारी असले की बहुतेकांना लाल पुढे आल्यासारखा आणि निळा मागे गेल्यासारखा वाटतो. डोळ्याचं भिंग दोन्ही रंग सारखे वळवत नाही म्हणून असं होतं. काही जणांना नेमकं उलट दिसतं. तेव्हा सोबतच्या माणसाशी "लाल पुढे आहे की मागे" यावरून वाद झाला तर दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता चांगली आहे.

पृष्ठभाग: चित्र कसं केलं ते शोधा

चित्राच्या अगदी बाजूला, भिंतीला जवळजवळ समांतर नजर जाईल अशा ठिकाणी उभे राहा. सुरक्षित अंतर सोडून, अर्थात. समोरून सपाट दिसणारा रंग बाजूनं पाहिला की उंचवटे, ब्रशच्या चऱ्या, खरवडलेल्या जागा दाखवतो. चकाकणारं वॉर्निश असेल तर समोर दिव्याचा पांढरा डाग पडतो. तो घालवायला मागे जाऊन उपयोग नसतो, एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका. व्हीलचेअरवरून बघताना हा डाग जास्त त्रास देतो, कारण चित्रांचा मध्य साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटर उंचीवर, उभ्या माणसाच्या नजरेचा हिशेब करून ठेवलेला असतो. तेव्हाही तिरप्या कोनातून बघणं कामी येतं.

नंतर कडा बघा. चौकट नसेल तर कॅनव्हासच्या बाजूच्या पट्टीवर ओघळ असतात. ते खाली गेलेले असतील तर चित्र उभं ठेवून रंगवलेलं. ओघळ आडवे किंवा वर गेलेले दिसले तर चित्रकारानं मधेच चित्र फिरवलेलं. ओघळच नाहीत आणि रंग सांडल्यासारखा पसरला असेल तर कॅनव्हास बहुधा जमिनीवर अंथरलेला होता. जॅक्सन पोलॉकच्या १९४८ सालच्या 'नंबर १ ए' या चित्रात उजवीकडे वरच्या भागात त्याच्या हाताचे ठसे उमटलेले आहेत; लांबून ते रेषांच्या जाळ्यात हरवून जातात.

आकाराच्या कडा काय सांगतात? कडा सुरीसारखी धारदार असेल तर चिकटपट्टी लावून रंगवलेलं असणार, आणि नीट पाहिलं तर पट्टीखाली झिरपलेला रंगाचा बारीक दात कुठेतरी सापडतो. कडेभोवती तेलकट, पिवळसर वलय असेल तर अस्तर, म्हणजे रंगाआधीचा लेप, न दिलेल्या कॅनव्हासवर पातळ केलेला तैलरंग मुरू दिलेला आहे. हेलन फ्रँकेनथेलरनं १९५२ साली हे तंत्र वापरून जवळजवळ तीन मीटर रुंद चित्र केलं. इथे रंग कॅनव्हासच्या वर बसत नाही, धोतराला हळदीचा डाग पडावा तसा धाग्यांत शिरतो. वासुदेव गायतोंडे ब्रशऐवजी रोलर आणि सुरी वापरून थर चढवत आणि काढत. त्यांच्या चित्रात मागून उजेड आल्यासारखं का वाटतं, हे समोरून पाहून सहसा कळत नाही. बाजूनं पाहिलं की वरचा थर कुठे काढला आणि खालचा कुठे उघडा ठेवला ते दिसतं. आपल्या कामाला "अमूर्त" म्हणणं गायतोंड्यांना मान्य नव्हतं. ते त्याला वस्तुनिरपेक्ष म्हणत. म्हणजे कोणत्या वस्तूपासून सुरुवात करून ती पुसत नेलेली नाही, सुरुवातीलाच वस्तू नाही. "यात काय लपलंय" असं विचारणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

पीट मॉन्ड्रियानच्या लाल-पिवळ्या-निळ्या चौकटी छापील चित्रांत गुळगुळीत दिसतात. प्रत्यक्षात पांढऱ्या भागांत ब्रशच्या दिशा बदलत्या आहेत, थर आहेत, बारीक तडे आहेत, आणि काही चित्रांत काळ्या रेषा कडेपर्यंत न पोहोचता आधीच थांबतात. तिथे नजर ठेवा, कडेची ती रिकामी बोटभर जागा सबंध चित्र सैल करते.

हे सगळं हात न लावता. बोटाच्या तेलानं आणि घामानं खरबरीत, न चमकणाऱ्या रंगावर चकचकीत डाग पडतो आणि अस्तर नसलेल्या कॅनव्हासवरून तो काढणं फार अवघड असतं. ॲक्रिलिकचा थर वाळल्यावरही किंचित मऊ राहतो आणि धूळ-मळ धरून ठेवतो. बोटानं दाखवायचं असेल तर हात पाठीमागे बांधून तोंडानं सांगा: "वरून तिसरा पट्टा". धोक्याची घंटा वाजवणारे बहुतेक लोक मुळात हात लावायला गेलेले नसतात, काहीतरी दाखवायला गेलेले असतात.

माहितीपट्टी

ती चित्र पाहून झाल्यावर वाचायची, आधी नाही. आधी वाचली की डोळे पट्टीवरचा शब्द चित्रात शोधत बसतात. साल बघा. माध्यम बघा: पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकाच्या मध्यापासून चित्रकारांच्या हाती आले, त्यामुळे त्याआधीचं सपाट, टवटवीत चित्र दिसलं तर ते तैलरंग, टेम्परा (अंड्याच्या बलकासारख्या चिकट द्रवात कालवलेले रंग) किंवा आणखी कशात तरी आहे. मापात उंची आधी आणि रुंदी नंतर असते. तळाचा क्रमांक बऱ्याच ठिकाणी चित्र संग्रहात आलं त्या सालानं सुरू होतो.

'शीर्षकहीन' वाचून वैतागू नका. ती माहिती दडवलेली नाही. शब्दानं तुमची नजर एका बाजूला ढकलू नये एवढाच हेतू असतो.

चित्राची वर-खाल बाजू कळली नाही तरी लाज वाटून घेऊ नका. मॉन्ड्रियानची रंगीत चिकटपट्ट्यांची एक रचना १९४५ पासून उलटी टांगली जात होती, हे जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयानं २०२२ साली जाहीर केलं. आणि ती तशीच ठेवायचं ठरलं, कारण सरळ करताना जुन्या पट्ट्या सुटण्याची भीती होती.

"हे तर माझं पोरगंही काढेल"

हे वाक्य दालनात दिवसाला दहा वेळा ऐकू येतं. ते तपासूनही पाहिलं गेलं आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नामवंतांची अमूर्त चित्रं आणि लहान मुलांनी किंवा प्राण्यांनी केलेली चित्रं जोडीजोडीनं दाखवली. लोकांनी चित्रकाराचं चित्र निव्वळ नशिबानं आलं असतं त्यापेक्षा जास्त वेळा ओळखलं, पण दर वेळी नाही, बऱ्याचदा ते चुकलेही. तेव्हा शंका अगदीच बिनबुडाची नाही. तिचा उपयोग करून घ्या: त्याच चित्रापुढे थांबा आणि कोणता रंग आधी लावला, कोणता नंतर, एवढाच क्रम लावून पाहा. दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे वर कोण आहे? पाच-सहा ठिकाणी हे पाहिलं की चित्रकारानं कुठे थांबून विचार केला आणि कुठे झपाट्यानं हात मारला, हे दिसायला लागतं. काही चित्रं या तपासणीत खरोखर पोकळ निघतात. नावाजलेल्या माणसाचं प्रत्येक चित्र चांगलं असतंच असं नाही, आणि तसं म्हणायला तिकीट काढलेल्या प्रत्येकाला मुभा आहे.

फोटो

परवानगी असेल तरी दहा मिनिटं पाहून झाल्यावरच काढा. आधी फ्लॅश बंद करा. फोन दालनातला पिवळट उजेड आपोआप "दुरुस्त" करतो आणि रंग भडक करतो, म्हणून एकाच चित्राच्या दोन फोटोंत दोन वेगळे लाल दिसतात. बारीक समांतर रेषांच्या चित्रांच्या फोटोत मूळ चित्रात नसलेल्या लाटा उमटतात. काही रंग तर पडद्याच्या आवाक्यातच नसतात. फ्रेंच चित्रकार यीव्ह क्लाइनचा निळा रंग वाळल्यावरही कोरड्या भुकटीसारखा दिसेल असा बनवलेला आहे. पडद्यावर त्याचा नुसता निळा चौकोन होतो. फोटो आठवणीसाठी, रंगासाठी नाही. शेजारच्या माहितीपट्टीचाही एक फोटो घ्या, नाहीतर आठवड्यानं कोणतं चित्र कुणाचं ते कळत नाही.

फोनचा एक चांगला उपयोग मात्र आहे: कॅमेरा कृष्णधवल करून चित्राकडे बघा. डोळे किलकिले करून जे अर्धवट दिसलं होतं ते इथे स्पष्ट होतं.

सोबत कुणी असेल तर

पहिली फेरी एकत्र, मग वेगळे व्हा आणि अर्ध्या तासानं ठरलेल्या बाकावर भेटा. शेजारी उभं राहून "तुला काय वाटतं" विचारत राहिलं की दोघांचंही बघणं थांबतं. लहान मुलांसाठी अर्धा-पाऊण तास पुरे. त्यांना खेळ द्या: या दालनात सगळ्यात थंड रंग कुठे आहे, कोणत्या चित्रातून सगळ्यात मोठा आवाज येईल. ऑडिओ गाइड घेतलात तर आपल्या पाच चित्रांपुरताच ऐका, आणि चित्र पाहून झाल्यावर. दालनात उभ्या असलेल्या रक्षकाला, तो मोकळा असेल तर, एक प्रश्न जरूर विचारा: लोक सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबतात? दिवसभर तोच तर तिथे असतो.

बाहेर पडल्यावर

त्याच दिवशी, पाचही चित्रं आठवणीतून वहीत उतरवा. चित्रकला येण्याची गरज नाही. चौकोन काढून त्यात "इथे विटकरी, इथे काळपट हिरवा" एवढं लिहिलं तरी झालं. मग फोटोशी ताडून बघा. जो भाग आठवलाच नाही तिथे एक खूण करा. बहुतेकांच्या बाबतीत तो भाग चित्राच्या खालच्या कडेला असतो.

पुन्हा जाणं जमत असेल तर शेवटच्या दालनापासून उलट्या क्रमानं सुरू करा. पहिल्या खेपेला जी चित्रं थकलेल्या डोळ्यांच्या वाट्याला आली होती, त्यांना या वेळी ताजे डोळे मिळतात.